वाचक विचारतात : घरात रोबोटिक एक्सोस्केलेटन वापरावा का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी झाडावरून पडला. छातीच्या दहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाल्याने कमरेखाली हालचाल व संवेदना नाही. हात मात्र भक्कम आहेत. परदेशातील नातेवाईक एक्सोस्केलेटन (पायांना बाहेरून बांधायचा, विजेच्या मोटरवर चालणारा सांगाडा) घेऊन द्यायचे म्हणतात. घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हात भक्कम आहेत, ही जमेची मोठी बाजू आहे. यंत्रातल्या मोटारी पाय उचलत असल्या, तरी बहुतेक यंत्रांत तोल कुबड्यांवरच सांभाळावा लागतो. ‘रीवॉक’ हे यंत्र घडवणारे इस्रायली अभियंते अमित गोफर यांना मानेच्या इजेमुळे हातांतही पुरेसे बळ नसल्याने स्वतःचेच यंत्र वापरता आले नव्हते. औषधे व वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१४ साली या यंत्राला घरगुती वापराची परवानगी दिली, ती छातीच्या सातव्या मणक्यापासून खालच्या इजांसाठी आणि प्रशिक्षित सोबती हजर असण्याच्या अटीवर.

मात्र पैसे जमवण्याआधी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून घ्या. दोन वर्षे पायांवर भार न पडल्याने हाडे ठिसूळ झालेली असतात, आणि गुडघ्याजवळ हाड मोडले तरी भावाला दुखणार नाही. सूज आणि गरमपणा एवढ्यावरूनच ते ओळखावे लागेल. त्वचेचेही तसेच आहे. पट्टे सोडल्यावर नडगी, टाचा आणि माकडहाड रोज उजेडात पाहावे. लाल डाग अर्ध्या तासात मावळला नाही, तर तो पूर्ण बरा होईपर्यंत यंत्र चढवू नये. उभे राहताच रक्तदाब उतरून चक्कर येते का, सांधे आखडले आहेत का, हेही आधी पाहायला हवे.

व्हीलचेअर सुटेल, अशी आशा मात्र धरू नका. माझ्या मते हे यंत्र घरातला व्यायाम म्हणूनच पाहावे. उंबरा, ओली फरशी, सरकणारी सतरंजी यांपैकी काहीही घात करू शकते, आणि प्रत्येक वेळी मागे उभे राहणारे माणूस कोण, हे घरात आधी ठरले पाहिजे. बहुधा ते काम न विचारताच वहिनींच्या गळ्यात पडते.

किमतीचा अंदाज म्हणून सांगतो : २०२४ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने अशा यंत्रासाठी सुमारे ९१ हजार डॉलर मोजायचे ठरवले. म्हणून आधी पुनर्वसन केंद्रात काही आठवडे सराव करून पाहा. त्यानंतरही घ्यायचेच ठरले, तर बॅटरी आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील व दुरुस्ती भारतात कोण करील, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.