टर्मिनस: शेवट की शीव?

प्रश्न असा आला आहे: 'टर्मिनस' हे एका रोमन देवाचं नाव आहे का, आणि असेल तर त्याला मराठीत 'अंत्यस्थानक' म्हणणं बरोबर आहे का?

नाव देवाचंच आहे. फक्त तो शेवटाचा देव नाही, शिवेचा आहे. लॅटिनमध्ये 'टर्मिनस' म्हणजे हद्दीचा दगड, आणि देवही तोच दगड. २३ फेब्रुवारीला त्याचा सण असे. ओव्हिड या कवीने त्याचं फार जिवंत वर्णन केलंय. शेताच्या बांधावर दोन्ही बाजूंचे शेतकरी येतात आणि आपापल्या बाजूने दगडाला हार घालतात. घरधनीण फुटक्या मडक्यात चुलीतला विस्तव घेऊन येते, मुलगा टोपलीतलं धान्य तीनदा आगीत टाकतो, धाकटी मुलगी मधाचं पोळं वाहते. मग दोन्ही घरं एकत्र जेवतात. बांधावरून भावाभावांचे दावे वर्षानुवर्षं चाललेले आपण पाहतो, म्हणून मला हे चित्र फार मोलाचं वाटतं. हा दगड नांगराने उखडणारा माणूस आणि त्याचे बैल दोघेही शापित, असा नियम प्राचीन रोमच्या नुमा राजाच्या नावावर सांगतात. आपल्याकडचे गधेगळ, म्हणजे जुने दानाचे कोरीव दगड, आठवा. दान दिलेल्या जमिनीला हात लावणाऱ्याला त्या दगडांवरही शापच कोरलेला आहे.

आणखी एक कथा आहे. रोममध्ये ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधताना बाकीच्या देवांनी जागा सोडली, टर्मिनस हलला नाही. शेवटी त्याचा दगड देवळातच ठेवला आणि त्याला उघडं आभाळ हवं म्हणून वर छपराला भोक ठेवलं.

या दगडावरून शब्द पुढे पसरले. कॉलेजची 'टर्म' म्हणजे हद्द घातलेला काळ. 'एक्स्टर्मिनेट'चा मूळ अर्थ शिवेबाहेर हाकलणे, ठार मारणे हा नंतरचा. रेल्वे आली तेव्हा रुळांची हद्द जिथे संपते ते 'टर्मिनस' झालं, आणि हद्दीतला 'पलीकडचा शेजारी' अर्थातून गळला.

त्यामुळे 'अंत्यस्थानक' रेल्वेच्या अर्थाने चूक नाही. पण ऐकताना अंत्ययात्रा आठवते, मी तरी वापरणार नाही. बोलताना 'टर्मिनस' किंवा 'शेवटचं स्टेशन' पुरतं.

देवाच्या नावाला खरा मराठी प्रतिशब्द हवा असेल तर तो 'शीव', संस्कृत 'सीमा'वरून आलेला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कुर्ल्याकडे जाताना तो फलाटावरच्या पाटीवर दिसतो. इंग्रजीत ज्याचं सायन झालं ते शीव. जुन्या मुंबई बेटाची हद्द तिथे संपायची आणि पलीकडे साष्टी हे शेजारचं बेट सुरू व्हायचं.