चौथा रिसीव्हर बाकावर का? आधी रूट मोजा

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. तुमच्या आवडत्या रिसीव्हरचे (फेकलेला चेंडू झेलणारा) दोन झेल, 46 यार्ड, तरी पुढच्या रविवारी पोरगा बाकावर. क्लबच्या डेप्थ चार्टवर (कोणत्या जागी कोण पहिला, कोण दुसरा याची यादी) तर तो तिसरा आहे, मग कोच झोपलाय का, असं तुम्ही विचारलंय. अगदी हेच भांडण मी दोन मोसम भांडलोय आणि तोंडावर आपटलोय. चूक एकच, तो चार्ट खरा मानला.

तो चार्ट बऱ्याचदा प्रसिद्धी विभाग बनवतो. वर बारीक अक्षरात ‘अनधिकृत’ लिहिलेलं असतं, ते आपण वाचत नाही. काही विभाग (नाव घेत नाही) जायबंदी माणूससुद्धा आठवडेच्या आठवडे पहिल्या ओळीत ठेवतात, विचारलं तर उत्तर नाही. असो.

चार्ट सोडा, रूट मोजा. रूट म्हणजे पास झेलायला रिसीव्हर धावतो ती ठरलेली वाट. समजा 62 प्ले (डाव) झाले, त्यात 36 पासचे. पोरगा 20 स्नॅप (स्नॅप म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू करणं) खेळला, पण रूट धावला फक्त 8. म्हणजे बाकीच्या 12 वेळा तो ब्लॉकिंगला (समोरच्याला अडवायला) होता. 46 भागिले 8, रूटमागे पावणेसहा यार्ड. आकडा भारी दिसतो, पण मोसमभर 2 च्या वर टिकणाराच चांगला म्हणतात. आठ रूटवरून काहीही ठरत नाही. शिवाय तो मैदानात आला की पास नाही, चेंडू घेऊन धावण्याचाच डाव होणार, हे समोरचा बचावही मोजत असतो.

कोच भडकतो ते वेगळ्याच गोष्टीवर. स्नॅपआधी रिसीव्हर कडेच्या पंचाकडे हात करून ‘मी रेषेवर (जिथून डाव सुरू होतो ती) आहे ना?’ असं विचारतो, ते बघा. मागे थांबायचं तिथे पाऊलभर पुढे सरकला की त्याच बाजूचा टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही खेळाडू) त्याच्या आत झाकला जातो, पास झेलायला अपात्र ठरतो. असा टाइट एंड पासवर पुढे धावला की 5 यार्ड दंड, आणि कष्टाने मिळवलेलं सगळं रद्द. टीव्हीवर हे दिसत नाही, ऑल-22 चित्रण (मैदानावरचे सगळे 22 खेळाडू दिसणारं) लागतं.

दुसरं म्हणजे स्पेशल टीम्स, म्हणजे चेंडू लाथेने मारायच्या डावांसाठीचे संघ. यादीत 53, पण सामन्याला जास्तीत जास्त 48. पाचवा रिसीव्हर पंटवर (चेंडू लांब लाथाडून समोरच्या संघाला देणं) गनर म्हणून, म्हणजे चेंडू घेणाऱ्याला पाडायला, धावणार नसेल तर सामन्याचे कपडे घालायलाही मिळत नाहीत. मॅथ्यू स्लेटर कागदावर रिसीव्हर. 16 मोसमांत झेल एक, प्रो बोल (मोसमातल्या उत्तम खेळाडूंची निवड) 10!

(मी कोच नाही, रात्री जागणारा प्रेक्षक आहे. तुमच्या या खेळाडूचा सराव मी पाहिलेला नाही.) तरी माझं मत, थांबा. रिसीव्हर ज्युलियन एडलमन कॉलेजात क्वार्टरबॅक (पास फेकणारा) होता, 2009 ला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, सातव्या फेरीत आला. सुरुवातीला पंट परत आणत होता, 2011 मध्ये तर बचावातही खेळला. 2013 ला त्याच संघाचा रिसीव्हर वेल्कर गेल्यावर झेल 105. जागा रिकामी व्हावी लागते.

जाता जाता, खेळणार नाहीत त्यांची यादी सामन्याच्या 90 मिनिटं आधी येते. तिकडच्या (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने) रविवारी दुपारी एकच्या सामन्यासाठी आपल्याकडे रात्री 9 ला. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की 10 ला. फॅन्टसीचा (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारा खेळ) संघ त्याआधी पक्का करू नका.