वाचकांचे प्रश्न : पात्राला कोचावर निजवू नका

प्रश्न : एका युद्धपटावर मनोविश्लेषणाच्या अंगाने टिपण लिहिलं. नायकाच्या मानसिक आघाताची लक्षणं मांडली, त्याच्या बालपणाबद्दलही तर्क केला. शेरा आला, 'हे निदान झालं, विश्लेषण नव्हे.' चुकलं कुठे?

उत्तर : बालपणात. पटकथा देते तेवढंच पात्राचं बालपण. बाकीचं तुम्ही रचलंत. आघात शोधायचा तो संकलनात आणि ध्वनीत.

सिडनी ल्यूमेटचा 'द पॉनब्रोकर' (1964) घ्या. नाझी छळछावणीतून वाचलेला नाझरमन न्यूयॉर्कमध्ये गहाणवटीचं दुकान चालवतो. त्याच्या आठवणी आधी काही फ्रेमपुरत्याच चमकतात, मग लांबत जातात. सेकंदाला 24 फ्रेम. चार फ्रेमचा शॉट म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. काय दिसलं ते कळेपर्यंत तो गेलेला असतो. पुढे भुयारी रेल्वेच्या डब्यातच कैद्यांनी खचाखच भरलेला डबा उघडतो. इथे माणूस आठवत नाही, आठवण त्याला गाठते. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईड याने 1920 मध्ये सविस्तर मांडलेली पुनरावृत्तीची सक्ती ती हीच. आघात झालेल्यांना तेच प्रसंग स्वप्नात पुन्हा पुन्हा का दिसतात? स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, हा त्याचा स्वतःचाच सिद्धांत तिथे अडला होता.

चित्रपट पहिल्यांदा न थांबवता पाहा. दुसऱ्यांदा प्रत्येक पुनरावृत्तीची वेळ, लांबी, लगेच आधीचा शॉट आणि आवाज टिपा. शेवटचा रकाना 'मागच्या वेळेपेक्षा काय बदललं' याचा. तो रिकामा राहिला तर हातात यादी आहे, युक्तिवाद नाही. आणि शेवटी एकच गुपित फुटून नायक खडखडीत बरा होत असेल, तर जरा संशय घ्या. ती सोय बहुधा कथानकाची असते.

प्रश्न : पडद्यावर आरसा दिसला की फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँ आणायचा का?

उत्तर : नको! दाढी करणारा माणूस बहुतेक वेळा दाढीच करत असतो. लाकाँच्या सिद्धांतातलं आरशासमोरचं मूल सहा ते अठरा महिन्यांचं. स्वतःच्या हातापायांवर अजून ताबा नाही, पण आरशातली आकृती मात्र सलग, सावरलेली. ते तिलाच 'मी' समजून बसतं. म्हणून शोधायची ती ही तफावत : प्रतिमा धड आणि शरीर विस्कटलेलं. ती नसेल तर आरसा हे नुसतं नेपथ्य. उलट ती आरशाविनाही सापडते. एखादं पात्र दुसऱ्याची चाल, कपडे, बोलण्याची ढब उचलतं आणि समोरचा खोलीतून निघून गेला की त्याला उभंही राहता येत नाही, तिथे लाकाँ खुशाल आणा.