वाचकांचे प्रश्न : नॅशव्हिलच्या गीतकाराला पगार असतो का?

प्रश्न : अमेरिकेतलं नॅशव्हिल म्हणजे कंट्री या लोकप्रिय संगीतप्रकाराचं माहेरघर. तिथला स्वतः न गाणारा कंट्री गीतकार कमावतो कशातून?

उत्तर : गाण्यांचे हक्क सांभाळणारी प्रकाशन कंपनी दरमहा पैसे देते, पण तो पगार नव्हे, उचल! पुढच्या रॉयल्टीतून ती वळती होते. २०२५मध्ये अमेरिकेत सीडी वा डाउनलोडच्या प्रत्येक प्रतीमागे एका गाण्याला १२.७ सेंट मिळत. तिघांनी मिळून लिहिलं आणि निम्मं प्रकाशकाला गेलं, तर एकाच्या वाट्याला जेमतेम २.१ सेंट. खरी कमाई रेडिओची. अमेरिकेत रेडिओ गायकाला नाही, गीतकार-प्रकाशकाला पैसे देतो. ते बीएमआय किंवा अ‍ॅस्कॅप या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थांमार्फत काही महिन्यांनी येतात. सहलेखकांच्या हिश्श्याचे टक्के गाणं लिहिलं त्याच दिवशी लिहून सह्या घ्याव्यात. गाणं गाजल्यावर वाद झाला, तर वादातला हिस्सा अडकून पडू शकतो.