हेडरचा दाब गेला आणि व्हॉल्व्ह अर्ध्यातच अडकला

प्रश्न : व्हेपर लाइनवर २४ इंची बटरफ्लाय व्हॉल्व्ह आहे. तो फिरवणारा अ‍ॅक्च्युएटर डबल अ‍ॅक्टिंग (उघडायला आणि बंद व्हायलाही हवाच लागते), सिलिंडर २० लिटरचा, शेजारी २०० लिटरची एअर टँक. दर महिन्याला सोलेनॉइड (अ‍ॅक्च्युएटरची हवा फिरवणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह) ट्रिप करून बघतो, तेव्हा व्हॉल्व्ह झटक्यात बंद होतो. पण परवा कॉम्प्रेसर बंद पडला आणि व्हॉल्व्ह अर्ध्यातच थांबला. टँक लहान पडली का? – एक वाचक, लोटे

उत्तर : टँक लहान नाही. हेडरचा, म्हणजे कॉम्प्रेसरची हवा आणणाऱ्या मुख्य पाइपचा, नेहमीचा दाब काहीही असो, हिशोब सर्वांत कमी दाबापासून करायचा. तो ५.५ बार धरू, आणि व्हॉल्व्ह हलायला किमान ४ बार. गेजच्या आकड्यात वातावरणाचा १ बार मिळवून : (२०० × ६.५ + २० × १) ÷ २२० = ६, म्हणजे पहिल्या स्ट्रोकनंतर (एकदा बंद किंवा उघड) गेजवर ५ बार. दुसऱ्यानंतर ४.५, तिसऱ्यानंतर ४.१. बंद-उघड-बंद एवढं होऊनही दाब पुरतो.

आमचा संशय टँकच्या आधीच्या एनआरव्हीवर (हवा उलटी जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर) आहे. कॉम्प्रेसर थांबला की हेडर एकदम रिकामा होत नाही, काही मिनिटं हळूहळू उतरत जातो. मेटल सीटचा एनआरव्ही एवढ्याशा उलट्या दाबाला नीट बसत नाही आणि टँकमधली हवा हेडरबरोबर निघून जाते. तुमच्या मासिक चाचणीत हेडर भरलेलाच असतो, त्यामुळे टँकची परीक्षा होतच नाही.

प्रोसेसची परवानगी घेऊन हेडरचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करा. तो आणि एनआरव्ही यांच्यामधला ब्लीड (हवा सोडायचा छोटा व्हॉल्व्ह) अगदी थोडा उघडा, दाब उतरायला दहा मिनिटं लागू द्या. मग ब्लीडला नळी लावून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. बुडबुडे येतच राहिले आणि टँकचं गेजही उतरत असेल तर एनआरव्ही पासिंग आहे, म्हणजे बंद असूनही गळतोय; स्प्रिंगचा, सॉफ्ट सीटचा बसवा. बुडबुडे नाहीत पण टँकचं गेज उतरतंय, तर जॉइंटना साबणाचं पाणी लावा. पोझिशनर (व्हॉल्व्ह किती उघडा राहील ते सांभाळणारं उपकरण) टँकवरून हवा घेत असेल तर त्याची सततची गळतीही यात धरा. आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर टँकच्या आधी असेल तर टँक कधी पूर्ण भरतच नाही. तो टँकच्या नंतर असायला हवा.

यानंतर हेडर बंद ठेवूनच ट्रिप द्या. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. सोलेनॉइडच्या एक्झॉस्टमधून हवा येत राहिली तर बहुधा पिस्टनचं सील गेलंय, म्हणजे आता बंद झालेला व्हॉल्व्ह नंतर सैल पडू शकतो.