भारतातल्या पहिल्या महिला वकील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्येच कायद्याची परीक्षा दिली, मग वकील म्हणून कोर्टात उभं राहायला १९२० चं दशक का उजाडावं लागलं?

कारण शिक्षण झालं तरी वकिलीची सनद बायकांना मिळत नव्हती. तेव्हाची न्यायालयं वकील म्हणजे पुरुषच असं धरून चालत. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलियाबाईंनी ऑक्सफर्डला बीसीएल या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली, पण पदवी हातात पडली ती १९२२ मध्ये. म्हणजे तीस वर्षांनी! मधल्या काळात त्या रिकाम्या बसल्या नाहीत. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे विधवा आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, त्यांनी पडदानशीन विधवांचं काम पाहिलं. या बायकांना परपुरुषासमोर येता येत नसे, त्यामुळे इस्टेटीचे कागद कारभारी आणि नातलगांच्या हाती. जनानखान्यात जाऊन, शेजारी बसून त्यांचं म्हणणं ऐकणारी कायदा जाणणारी बाई म्हणजे कॉर्नेलियाबाई. मला त्यांचं हे काम कोर्टातल्या वकिलीपेक्षाही मोठं वाटतं.

अलाहाबाद हायकोर्टाने १९२१ मध्ये त्यांना वकील म्हणून घेतलं. भारतभराचा अडसर मात्र १९२३ च्या महिला विधिव्यवसायी कायद्याने निघाला. एक लक्षात घ्या: ‘पहिल्या महिला वकील’ म्हणताना ‘पहिल्या बॅरिस्टर’, म्हणजे इंग्लंडातून वकिलीची सनद मिळवलेल्या पहिल्या, असा अर्थ घेऊ नका. त्या बॅरिस्टर झाल्या १९२३ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी.