अनुदानाचा अर्ज परत का येतो?

प्रश्न : ३० टॅब आणि दोन प्रोजेक्टर यांसाठी आमच्या शाळेने अनुदान मागितलं होतं. शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षणही धरलं होतं. ‘अध्यापनाशी सांगड दिसत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत आला. चुकलं कुठे? – एक मुख्याध्यापिका

उत्तर : तुमचा अर्ज यंत्रांपासून सुरू झालेला दिसतो. आधी अडचण लिहा, तीही मोजून. पाचवीच्या ६० मुलांपैकी किती जण अपूर्णांकांच्या बेरजेत अडतात? कोणत्या चाचणीत ते दिसलं? मग कोणता शिक्षक आठवड्यातल्या कोणत्या तासाला टॅब कसा वापरणार, ते सांगा. पेरूच्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांमधल्या लॅपटॉप वाटपाचा अभ्यास २०१२ मध्ये आला. त्यात संगणकाचा वापर वाढला, पण गणित आणि भाषेचे गुण होते तिथेच राहिले. छाननी करणारे अशा अनुभवांनी सावध झालेले असतात.

दोन दिवस म्हणजे फार तर १२ तास. अमेरिकेतल्या २००७ च्या एका संशोधन-आढाव्यात १४ तासांपर्यंतच्या प्रशिक्षणांचा मुलांच्या निकालावर ठळक परिणाम आढळला नाही. तेव्हा दोन दिवसांनंतर दर पंधरवड्याला दीड तास ठेवा. अशा १६ बैठका धरल्या की एकूण ३६ तास होतात. त्यात एकाने पाठ घ्यावा, दुसऱ्याने बसून पाहावा, मग दोघांनी बोलावं. त्या वेळेत वर्ग सांभाळणाऱ्याचं मानधन अर्जातच मागा, नाहीतर तिसऱ्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या! विक्रेत्याचं मोफत ‘प्रशिक्षण’ यात मोजू नका. ती बटणांची ओळख असते.

खर्चाच्या तक्त्यात सगळ्यात जास्त विसरलं जातं ते नेटवर्क. ३० टॅबवर एकाच वेळी साधा व्हिडिओ लावला, तरी प्रत्येकी दीड म्हणजे सेकंदाला ४५ मेगाबिट लागतात. घरगुती राउटर तिथे मान टाकतो. जोडणी कच्ची असेल तर वर्गातल्या छोट्या सर्व्हरवर कोलिब्रीसारखी, इंटरनेटशिवाय धडे आणि व्हिडिओ दाखवणारी मोफत प्रणाली चालवा. टॅबची बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर कमजोर होऊ लागते, म्हणून तिसऱ्या वर्षाची तरतूद आताच करा. दिव्याचा प्रोजेक्टर घेणार असाल तर बदली दिवा धरा. ३० मागे दोन-तीन टॅब राखीव हवेतच, कारण एक फुटला की एक मूल नुसतं बसून राहतं.

प्रश्न : पैसे मिळाल्यावर हिशेब कुठे अडकतो?

उत्तर : बहुतेकदा तारखांमध्ये. मंजुरीपत्राच्या आधीच्या तारखेचं बिल सहसा नामंजूर होतं. प्रशिक्षणातली शिल्लक परस्पर खरेदीकडे वळवू नका, आधी लेखी परवानगी घ्या. प्रत्येक टॅबचा अनुक्रमांक साठा नोंदवहीत चढवा आणि बैठकांच्या हजेरीवर त्या-त्या दिवशीच सह्या घ्या. वर्षअखेरीस एकाच पेनाने केलेल्या सह्या लेखापरीक्षक लांबूनही ओळखतो.